विमानाच्या काचा कोण तपासतं?

साताऱ्याहून एका वडिलांचं पत्र आलंय. त्यांचं काचेचं दुकान आहे. मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. एसटीत पुढच्या सीटवर बसून तिनं विचारलं, ‘काचेच्या कडेला खांब वाकडे दिसतात, मग विमानाच्या काचा कोण तपासतं?’ आता तिला तेच काम करायचंय. वडील विचारतात, ‘असा कोर्स असतो का? की बी.एस्सी. सोडवून इंजिनिअरिंगला घालू?’

नमस्कार. या नावाची डिग्री नाही, आणि बी.एस्सी. अजिबात सोडवू नका. फिजिक्स हाच याचा रस्ता.

काम मोजमापाचं आहे. विमानात बसते त्याच तिरकेपणात काच धरायची, पायलटच्या डोळ्याच्या जागी कॅमेरा, आणि काचेपलीकडं चौकटी आखलेला बोर्ड. फोटोत दहा घरं जाताना रेघ एक घर ढळली, तर उतार १ः१०. सगळ्यात जास्त उतार कुठं, ते शोधायचं. रेघ न वाकता अख्खं चित्रच सरकलं, तर तो वेगळा दोष. त्याची मोजणीही वेगळी. रेघेच्या उताराच्या पद्धतीला एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एफ २१५६ हे मानक आहे.

तुमच्या दुकानात तर निम्मी प्रयोगशाळा पडून आहे! भिंतीवर चौकटींचा मोठा कागद लावा, मोबाइल स्टँडवर पक्का बसवा. एक फोटो काचेशिवाय, एक काचेतून. मग तीच काच चांगली तिरकी करा. समोरून निर्दोष वाटणारी काचही तिरकी केली की रेघा हलवते. विंडस्क्रीनची खरी डोकेदुखी हीच. अंतर आणि कोन दर वेळी वहीत लिहायचे, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. वीस काचा मोजूनही तिला कंटाळा आला नाही, तर पुढं बोलू.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. फक्त विमानाच्या काचांवर पोट भरेल अशा जागा देशात मोजक्याच. म्हणून एम.एस्सी.ला ऑप्टिक्सकडं, म्हणजे प्रकाशशास्त्राकडं वळावं, सोबत फोटोवरून मोजमाप करण्यापुरती पायथन ही संगणकाची भाषा शिकावी. मग डेहराडूनची आयआरडीई, चंडीगडची सीएसआयओ, बेंगळुरूची एनएएल या सरकारी संशोधन संस्थांच्या नोकरीच्या जाहिरातींवर नजर ठेवता येते. तिथं नाही जमलं, तरी मोटारींच्या काचा आणि कॅमेऱ्याची भिंगं तपासायला हेच कसब लागतं.

ओगलेवाडीच्या कंदिलांच्या जिल्ह्यातल्या पोरीला काचेचा नाद लागावा, याचं मला कौतुक वाटलं. पुढचं पत्र तिला लिहू द्या. सोबत दोन्ही फोटो पाठवा.