बीओएसवर, म्हणजे सिलॅबस ठरवणाऱ्या अभ्यास मंडळावर, नवीन आलायस ना, मग हे वाच

बघ, तू कोल्हापुरात शिकलायस म्हणून तुझ्या डोक्यात अजून महाराष्ट्रातलं सिनेट आणि मॅनेजमेंट कौन्सिलच हाय. आपली बेळगावची राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटी 2010 ची, चालते कर्नाटकाच्या 2000 च्या कायद्यावर, इथं कारभार सिंडिकेटकडे आणि शिक्षणाचं सगळं अकॅडेमिक कौन्सिलकडे, दोन्हीकडं अध्यक्ष कुलगुरूच. कुलपती म्हणजे राज्यपाल. परीक्षेचं काम असलं तर मात्र साध्या रजिस्ट्रारकडं जाऊ नकोस, मूल्यमापनाचा रजिस्ट्रार वेगळा असतोय.

आता तुझं काम. मराठीचा सिलॅबस बीओएसमध्येच जन्माला येतोय, वर पोचला की त्यातला एक शब्द बदलायचा म्हटलं तरी लई हेलपाटे पडतात, म्हणून पाठ्यपुस्तक बाजारात मिळतंय का, खानापूर-निपाणीच्या पोरांना परवडतंय का हे तिथंच बघ. आणि मिटिंग संपली म्हणून लगेच उठू नकोस. एकदा एका ठिकाणी आम्ही जुनं पुस्तक बदलायचं सगळ्यांनी मान्य केलं, चहा झाला, मी सही करून बस धरली, आणि इतिवृत्तात ती ओळच नव्हती, पोरांनी वर्षभर तेच पुस्तक झेरॉक्स काढून वाचलं, अजून वाईट वाटतंय. कागद कन्नडमध्ये आला तर शेजारच्या सरांकडून वाचून घे, मगच सही कर.