मोत्याची माळ घेताना काय बघायचं?

प्रश्न : लेकीचं लग्न आहे, जळगावला सराफ बाजारात कल्चर मोत्याची माळ बघितली. दुकानदार म्हणे एकदम ओरिजिनल. खरं कसं ओळखू? – एक ताई, अमळनेर

उत्तर : ताई, कल्चर मोती म्हणजे नकली नाही हं, तो शिंपल्यातच तयार होतो, फक्त सुरुवात माणूस करून देतो. जपानच्या मिकिमोतोंनी १८९३ मध्ये आपला पहिला अर्धगोल मोती असा काढला. तर सगळ्यात आधी चमक बघा, आणि दुकानातल्या पिवळ्या लाइटखाली नाही, माळ घेऊन सरळ दारात या, मोत्यात तुमचा चेहरा, दाराची चौकट रेखीव दिसली तर माल चांगला, आणि खडूसारखा पांढराफट्ट दिसला तर वरचा थर पातळ असू शकतो, मग माळ कितीही मोठी असो, मी तर नाही घेणार. दुसरं, भोकापाशी नीट बघा, काच किंवा प्लास्टिकचा असेल तर तिथे रंगाचे पापुद्रे निघालेले दिसतात. दोन मोती एकमेकांवर हळूच घासा, खरा किंचित खरखरीत लागतो, नकली गुळगुळीत. (दाताला लावून बघतात लोक, पण दुकानात लाज वाटते ना!) सगळे मोती अगदी सेम टू सेम असले तर जरा शंका घ्या, बारीकसे डाग चालतात. माळ टेबलावर लोळवा, डुगडुगली तर गोलाई कमी. प्रत्येक मोत्यामागे दोऱ्याची गाठ आहे का तेही बघा, नाहीतर हळदीच्या गर्दीत दोरा तुटला की सगळे मोती पाहुण्यांच्या पायाखाली. आणि बिलावर ‘कल्चर’ लिहून घ्याच.