समोरून राजवाडा, मागून तीस घरे

प्रश्न : इंग्लंडमधील बाथ शहरातील रॉयल क्रेसेंट ही एकच इमारत आहे की घरांची रांग? मागच्या बाजूने ती इतकी विस्कळीत का दिसते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ती ३० स्वतंत्र घरांची अर्धलंबवर्तुळाकार रांग आहे. धाकट्या जॉन वुड यांच्या आराखड्यानुसार ती १७६७ ते १७७४ या काळात उभी राहिली. घर घेणाऱ्याने ठरलेल्या दर्शनी भिंतीचा आपला तुकडा विकत घ्यायचा आणि तिच्यामागे हवे तसे घर बांधून घ्यायचे, अशी पद्धत असल्यामुळे समोर साध्या तळमजल्यावर दोन मजले उंचीचे ११४ आयोनिक (माथ्यावर गुंडाळीसारखे वळण असलेले ग्रीक शैलीचे) स्तंभ शिस्तीत उभे दिसतात, तर मागे छपरांची उंची, खिडक्यांच्या जागा आणि बाहेर आलेल्या खोल्या यांचा कशाचा कशाला मेळ नसतो. खरे सांगायचे तर मला ही मागची बाजूच अधिक बोलकी वाटते.

बाथचा मधाच्या रंगाचा दगड म्हणजे चुनखडी. जवळून पाहिल्यास त्यात माशाच्या अंड्यांसारखे बारीक गोल कण दिसतात. खाणीतून नुकताच काढलेला हा दगड ओलसर व मऊ असल्याने करवतीने कापता येतो, आणि ओल सुकली की तो कठीण होतो. मात्र तो सच्छिद्र असल्यामुळे कोळशाच्या धुराने पुढे शहरातील कित्येक भिंती काळवंडल्या होत्या. तो कोळसा साठवण्याची तळघरे या घरांसमोरच्या फरसबंदीखालीच असत.