गावातल्या तरुण मंडळाला भंगारातून घरगुती वस्तू करायच्या आहेत. सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की गणपतीची शेड वर्षभर मोकळी असते, दहा-बारा पोरं तयार आहेत आणि ॲल्युमिनियमचं भंगार वितळवून पातेली ओतायचा विचार आहे. शेड आणि पोरं उत्तम, पण पातेल्यांचा नाद सोडा. गोळा केलेल्या भंगारात कोणत्या धातूची भेसळ आहे ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. कॅमेरूनमध्ये अशी ओतीव भांडी तपासली, तेव्हा त्यांतून शिसं झिरपत असल्याचं दिसलं. शिवाय एखादा ओला तुकडा वितळलेल्या धातूच्या रसात पडला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस अंगावर उसळतो. कापणं, दुमडणं आणि जोडणं एवढ्यावरच काम चालवा, त्यातही भरपूर वस्तू निघतात.

पहिली वस्तू तेलाच्या 15 किलोच्या चौकोनी डब्याची केर भरायची सुपली. डबा आधी गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून खळखळून धुवा. तेलाचा चिकट थर राहिला तर वर रंग धरत नाही. वरचा-खालचा गोट आणि उभ्या सांध्याची दोनेक सेंटिमीटरची पट्टी कापून टाका, सांध्यावर पत्रा नीट दुमडत नाही. उरलेला पत्रा उलगडला की 36 × 33 सेंटिमीटरचे दोन तुकडे निघतात, म्हणजे एका डब्यात दोन सुपल्या. 36च्या बाजूला दोन्हीकडे 1 सेंटिमीटर मुडप आणि 5 सेंटिमीटर भिंत धरा, तळ 24 उरतो. 33च्या बाजूला मागे 1 मुडप आणि 7 उभी भिंत, पुढे दीड सेंटिमीटर मुडप. मागच्या कोपऱ्यात चौकोन कापून काढू नका. तिथल्या दोन दुमडरेषांपैकी एकाच रेषेवर काप द्या आणि सुटलेला कान मागच्या भिंतीवर वळवून प्रत्येकी दोन रिव्हेट मारा. कोपरा कापून टाकला तर कचरा तिथूनच गळतो.

सगळी मेख पुढच्या कडेत आहे. मुडप खालच्या बाजूला घ्या, लाकडी हातोड्यानं पूर्ण चेपा आणि मग शेवटचं बोटभर अंतर किंचित खाली झुकवा. बहुतेक पोरं मुडप वर घेतात, मग केर त्या उंबऱ्याला अडतो आणि बाई पहिल्याच दिवशी सुपली कोपऱ्यात टाकते. लोखंडी हातोडा वापरला तर पत्र्याला लाटा येतात आणि कड फरशीला टेकत नाही.

दुसरी वस्तू माठाची तिवई, आणि विकायची झाली तर हीच विका. बांधकामावर 8 मिलिमीटर सळईचे हात-दीड हाताचे तुकडे उरतात. 22 सेंटिमीटर व्यासाच्या कड्याला 69 सेंटिमीटर, तीन पायांना 40-40 आणि पायांमधल्या तीन आडव्यांना मिळून साधारण 66, असं अडीच मीटरच्या वर थोडं लागतं. 8च्या सळईचं वजन मीटरला 0.395 किलो, म्हणजे तिवई किलोभराची. कडं हव्या व्यासापेक्षा लहान पाइपाभोवती वळवा, कारण सोडल्यावर सळई थोडी उलगडते. पाडकामातली वाकडी सळई घेऊ नका. एकदा वाकलेली सळई सरळ करून त्याच जागी पुन्हा वाकवली की तडकते.

पाय बाहेर फाकलेले हवेत, खाली कड्यापेक्षा चार बोटं जास्त, नाहीतर भरलेला माठ कलंडतो. आधी तिन्ही पायांना सपाट फरशीवर फक्त टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) द्या, डुगडुगत नाही ना पाहा, मगच पूर्ण वेल्डिंग करा. एक पाय आधीच पक्का केलात तर थंड होताना तो ओढला जातो. वेल्डिंगचा 2.5 मिलिमीटरचा 6013 नंबरचा रॉड आणि 70-80 अँपिअर पुरतात. माठ पाझरतो, त्यामुळे गंज सांध्यापासूनच लागतो. तिथला स्लॅग, म्हणजे वेल्डिंगवर जमणारी कवची, छिन्नीनं नीट उडवून रेड ऑक्साइड प्राइमरचे दोन हात द्या, मग ऑइलपेंट.

भंगार निवडताना काही गोष्टी शेडमध्ये येऊच देऊ नका. कीटकनाशकाचे डबे, बॅटऱ्या, फ्रिजचे कॉम्प्रेसर नकोत. थिनर किंवा डिझेलच्या रिकाम्या पिंपाला ग्राइंडर लावू नका. आतल्या वाफेनं ते बाँबसारखं फुटतं, झाकण उघडं असलं तरी. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पाइप वेल्ड केला तर जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि रात्री हुडहुडी भरून ताप येतो. आणि कुणी रेल्वेचे तुकडे आणून दिले तर हात लावू नका. रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्यावर 1966 पासून वेगळा कायदा आहे. भंगारवाल्याकडून घेतलेल्या मालाची पावती ठेवा.

वेल्डिंग सुरुवातीला गावातल्या फॅब्रिकेटरकडून रोजावर करून घ्या, मशीन नंतर बघू. पत्रा कापताना चामड्याचे हातमोजे आणि ग्राइंडरला गार्ड व गॉगल हवेतच, मोजे मात्र ढगळ नकोत, चाकात ओढले जातात. तिवया माघात तयार ठेवा. होळीनंतर लोक माठ घ्यायला निघतात, तेव्हा कुंभाराच्या शेजारीच मांडल्या की वेगळं दुकान लागत नाही.