‘नुसती पाने हलवण्याचे काम’: कराडच्या एका पालकांना उत्तर

पत्र: माझी मुलगी बी.एस्सी. (संगणकशास्त्र) होऊन गेल्या वर्षी हिंजवडीतील एका कंपनीत लागली. नेमणूकपत्रात ‘डॉक्युमेंटेशन असोसिएट’ असे पद आहे. कंपनीच्या आयटी विभागाचा माहितीसंग्रह, ज्याला ते नॉलेज बेस म्हणतात, तो एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेण्याचे काम तिच्याकडे आठ महिन्यांपासून आहे. बरोबरची मुले कोडिंग करतात आणि आपण दिवसभर कॉपी-पेस्ट करतो, असे ती फोनवर रडवेल्या आवाजात सांगते. तिने नोकरी सोडून सॉफ्टवेअर टेस्टिंगचा सहा महिन्यांचा क्लास लावावा, असे मला वाटते. क्लासवाले महिनाअखेरपर्यंत पैसे भरा म्हणत आहेत. मी सहकारी बँकेतून निवृत्त झालो आहे. या क्षेत्रातले मला काही कळत नाही. योग्य सल्ला द्यावा.

सप्रेम नमस्कार.

पत्रातील शेवटून दुसरे वाक्य मला मान्य नाही. तुमची नोकरी सहकारी बँकेत झाली, म्हणजे खतावण्या बंद होऊन खाती संगणकावर चढली तो काळ तुम्ही काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिला असणार. त्या धामधुमीत जो नुसते आकडे टंकत होता, त्याला काम संपल्यावर कोणी विचारले नाही; पण चढवलेल्या खात्यांची बेरीज खतावणीशी जुळेना तेव्हा कोणते खाते दोनदा चढले, कोणते बंद खाते चालू दिसते आहे आणि कोणाच्या वारसनोंदीचा कागद मागेच राहिला, हे ज्याने शोधून काढले, त्याच्या टेबलाशी पुढे शाखाधिकारीही येऊ लागले. तुमची मुलगी करते ते काम याच जातीचे आहे. या दोघांपैकी ती आज कोणाच्या जागी बसली आहे, यावर माझे उत्तर अवलंबून राहील, आणि तिच्या बोलण्यावरून ती टंकणाऱ्याच्या जागी असावी असे दिसते. तिथून दुसऱ्या जागी सरकणे मात्र तिला याच नोकरीत शक्य आहे.

कंपन्या माहितीसंग्रहाचे असे स्थलांतर हौसेने करीत नाहीत. बहुतेक वेळा जुने सॉफ्टवेअर हातातून निसटू लागलेले असते. ‘कॉन्फ्लुएन्स’ हे असा माहितीसंग्रह ठेवण्यासाठी जगभर वापरले जाणारे सॉफ्टवेअर आहे; त्याची स्वतःच्या सर्व्हरवर बसवायची ‘सर्व्हर’ आवृत्ती बंद करणार असल्याचे ते बनवणाऱ्या ॲटलासियन कंपनीने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केले आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी त्या आवृत्तीला मिळणारा आधार प्रत्यक्षात थांबला. ज्यांची वर्षानुवर्षांची पाने त्यात होती त्यांना क्लाउडवर, म्हणजे ॲटलासियनच सांभाळते त्या सर्व्हरवर, जाणे, मोठ्या ग्राहकांसाठीची वेगळी आवृत्ती घेणे किंवा सगळे उचलून दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये नेणे, यांपैकी काहीतरी करावेच लागले. तुमच्या मुलीच्या कंपनीत कोणते सॉफ्टवेअर आहे ते पत्रात नाही, पण त्याने फारसा फरक पडत नाही. दुखणी सगळीकडे सारखीच असतात.

या कामात नेमके काय असते ते एकाच पानावर दाखवतो. समजा, पानाचे नाव ‘व्हीपीएन सर्व्हर पुन्हा सुरू करणे’ असे आहे (व्हीपीएन म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडणारी सोय). पानाच्या माथ्यावर लाल चौकटीत सूचना आहे की ही आज्ञा कार्यालयीन वेळेत चालवू नये. मध्यभागी रात्री अडचण आल्यास कोणाला फोन करावा याच्या चार ओळी आहेत. त्या ओळी या पानावर लिहिलेल्या नसून एका मॅक्रोच्या, म्हणजे पानात बसवलेल्या छोट्या आज्ञेच्या, साहाय्याने दुसऱ्या पानावरून आणून दाखवलेल्या आहेत, म्हणजे तिथे क्रमांक बदलला की अशा सर्व पानांवर तो आपोआप बदलतो. खाली एक लिंक आहे, जिच्या पत्त्यात पानाचे नाव नसून नुसता आकडा आहे. आणि हे पान फक्त नेटवर्क विभागालाच दिसते, कारण ज्या मुख्य पानाखाली ते ठेवले आहे त्या मुख्य पानावर तसे बंधन घातलेले आहे.

आता हे पान यंत्राने किंवा हाताने नव्या ठिकाणी नेले. मजकूर शब्दन् शब्द आला. लाल चौकट मात्र गळाली आणि सूचना इतर ओळींसारखी एक ओळ होऊन बसली, जी घाईत असलेला माणूस वाचणार नाही. फोनच्या चार ओळी बारा पानांवर बारा सुट्या प्रती होऊन उतरल्या. पुढच्या वर्षी त्यांतल्या पाच दुरुस्त होतील, सात तशाच राहतील आणि रात्री दोन वाजता कोणीतरी नोकरी सोडून गेलेल्या माणसाला फोन लावत बसेल. नव्या जागेत पानांना नवे क्रमांक मिळाल्यामुळे आकड्याची लिंक मेली. बंधन मुख्य पानाचे होते आणि उपपान सुटे आणले गेले, त्यामुळे ते आता सगळ्या कंपनीला उघडे आहे. शिवाय पानावर लेखक म्हणून स्थलांतर करणाऱ्या खात्याचे नाव आणि कालची तारीख पडली, म्हणून सात वर्षांपूर्वीचे शिळे पान आजच लिहिल्यासारखे ताजे दिसते. यांपैकी एकही चूक कॉपी-पेस्ट करणाऱ्याच्या डोळ्याला दिसत नाही, कारण पडद्यावरचा मजकूर बरोबरच असतो.

यात माझेही हात पोळलेले आहेत. समुपदेशनाकडे वळण्यापूर्वी काही वर्षे मी एका कंपनीच्या तांत्रिक लेखन विभागात होतो. तिथल्या स्थलांतरात आम्ही चौघांनी प्रत्येक पान उघडून तपासले, चित्रे दिसत होती, सगळ्यांनी सह्या केल्या. जुना सर्व्हर बंद झाल्यानंतरच्या सोमवारी शेकडो पानांवर चित्रांच्या जागी मोडक्या चौकटी उभ्या होत्या. नव्या पानांमधली चित्रे मुळात आलीच नव्हती. ती जुन्या सर्व्हरवरून ओढली जात होती, आणि तिथे आम्ही आधीच लॉगिन असल्यामुळे आमच्या संगणकांवर ती बिनबोभाट दिसत होती. नव्या पानांच्या मूळ कोडमध्ये जुन्या सर्व्हरचा पत्ता शोधणारी वीस-पंचवीस ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, कोणी लिहिली असती, तर हे आठवडाभर आधी कळले असते. ती आमच्यापैकी कोणालाही सुचली नाही.

तुमच्या मुलीला ती सुचू शकते, कारण तिची पदवी संगणकशास्त्राची आहे. बरोबरची मुले कोडिंग करतात आणि आपण करीत नाही, ही तिची खंत खरी आहे. पण कोडिंगला लागणारी जागा तिच्या टेबलावरच पडून आहे. जुन्या व नव्या ठिकाणची पाने मोजणे, अटॅचमेंटची संख्या जुळवणे, मेलेल्या लिंकांची यादी काढणे आणि जुन्या पत्त्याला नवा पत्ता जोडणारा तक्ता बनवणे, म्हणजे कोणी जुनी लिंक उघडली तरी तो आपसूक नव्या पानावर पोहोचेल, ही सगळी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेने करण्यासारखी कामे आहेत. शिल्लक जुळवणे म्हणा. तिने व्यवस्थापकाकडे ‘मला कोडिंगचे काम द्या’ अशी मोघम मागणी करू नये. आधी पन्नास पानांपुरता असा ताळेबंद स्वतः करावा, त्यातल्या फरकांचा कागद समोर ठेवावा आणि मग उरलेल्या पानांसाठी वेळ मागावा. माझ्या अनुभवात असा कागद पाहिलेला व्यवस्थापक सहसा नाही म्हणत नाही, कारण उद्या चूक निघाल्यास त्यालाच उत्तर द्यावे लागणार असते.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. बिऱ्हाड हलवताना माळ्यावरचे सगळेच काही आपण टेंपोत चढवत नाही. आयटी विभागाच्या संग्रहात बंद झालेल्या सर्व्हरची पाने, एकाच विषयावर तिघांनी लिहिलेली तीन पाने, ‘चाचणी’ नावाची कोरी पाने असा पुष्कळ पसारा असतो. काय न्यायचे नाही, हे कोण ठरवते, याची तिने चौकशी करावी आणि त्या बैठकीत बसू द्यावे अशी विनंती करावी. त्यासाठी तिला नेटवर्क, डेटाबेस, सुरक्षा अशा सर्व विभागांतल्या माणसांकडे जाऊन ‘हे पान अजून कोणी वापरते का’ असे विचारावे लागेल. बरोबरची कोडिंग करणारी मुले एकेका कोपऱ्यात बसलेली असताना सगळ्या विभागांची खडानखडा माहिती असलेली एकच मुलगी तयार होईल. बायोडेटात किती पाने हलवली हा आकडा तिने दुसऱ्या ओळीत लिहावा. किती पाने हलवली नाहीत आणि कोणत्या निकषावर, हे पहिल्या ओळीत लिहावे.

घरी सरावासाठी तिने कंपनीचा मजकूर चुकूनही वापरू नये; तो गोपनीय असतो. मराठी विकिपीडियावर लेख निर्यात करण्याची सोय आहे. तिथून चाळीसेक लेख घेऊन ‘पँडॉक’ या मोफत साधनाने ते मार्कडाउन या साध्या लेखनपद्धतीत बदलावेत. विकिपीडियावरचे साचे (अनेक लेखांत एकाच ठिकाणाहून आणून दाखवले जाणारे तयार तुकडे) हे वर सांगितलेल्या मॅक्रोचेच भाऊ आहेत, आणि पँडॉक ते स्वतःहून उलगडून देत नाही, त्यामुळे अडचण कुठे येते ते तिला लगेच समजेल. काय तुटले आणि ते कसे जोडले, याचे दोन पानी टिपण केले की मुलाखतीत दाखवण्यासारखा नमुना हाताशी राहील.

पुढच्या वाटा म्हणाल तर टेक्निकल रायटर, नॉलेज मॅनेजर आणि लेखन व प्रोग्रामिंग यांच्या मधल्या जागेवरचा कंटेंट इंजिनिअर ही तीन पदे जवळची आहेत. चित्र सगळेच उजळ आहे असे मी म्हणणार नाही. तांत्रिक लेखकांची १९५३ पासूनची अमेरिकी संस्था ‘सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन’ जानेवारी २०२५ मध्ये आर्थिक कारणाने बंद झाली, आणि नुसते सरधोपट मजकूर लिहिणाऱ्यांच्या कामावर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने येऊन बसली आहेत. मात्र हीच साधने कंपन्या आता आपल्या माहितीसंग्रहाला जोडू लागल्या आहेत, आणि संग्रहात शिळे पान असेल तर यंत्र ते शिळे उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने देते. पान खरे आहे का, ते कोणाच्या जबाबदारीवर आहे आणि ते कोणाला दिसावे, हे पाहणाऱ्या माणसाची गरज त्यामुळे वाढली आहे, असे माझे निरीक्षण आहे. आयटी सेवांच्या व्यवस्थापनाची ‘आयटिल’ नावाची प्रमाणपद्धती आहे. तिच्या २०१९ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत नॉलेज मॅनेजमेंटला स्वतंत्र स्थान दिलेले आहे. तिची पायाभूत परीक्षा चाळीस प्रश्नांची आणि एका तासाची असून सव्वीस उत्तरे बरोबर आली की उत्तीर्ण होता येते. परीक्षेचे शुल्क बरेच असते, म्हणून ते कंपनीकडून मिळते का, हे आधी विचारावे.

टेस्टिंगचे क्षेत्र वाईट नाही. मुलगी आज जे करते आहे, किंवा जे तिने करायला हवे, ते पडताळणीचेच काम आहे. परंतु हातातली नोकरी सोडून, आठ महिन्यांचा अनुभव अर्धवट टाकून सहा महिने घरी बसणे मला पटत नाही. महिनाअखेरची मुदत ही क्लासची अडचण आहे, तुमची नव्हे. पैसे तूर्त भरू नयेत. ताळेबंद दाखवूनही, बैठकीत बसण्याची विनंती करूनही तिच्याकडे केवळ पाने चिकटवण्याचेच काम राहिले, तर काम पूर्ण झाल्यावर तीन महिन्यांत तिने नोकरी जरूर बदलावी. तेव्हा क्लासचा विचार रात्रीच्या किंवा शनिवार-रविवारच्या वर्गापुरता करता येईल.

तोवर फोनवर ‘आज किती पाने झाली’ असे न विचारता ‘आज कोणते पान अडले’ असे विचारून पाहा. आणि एक गोष्ट तिला अवश्य विचारा: जुना सर्व्हर बंद होण्याची तारीख कोणती ठरली आहे? तिला ती ठाऊक नसेल, तर येत्या सोमवारी तिने ती व्यवस्थापकाकडून लिहून घ्यावी, कारण पन्नास पानांचा ताळेबंद त्या तारखेच्या किमान सहा आठवडे आधी टेबलावर गेला तरच त्याचा उपयोग होईल.

कळावे,
आपला,
करिअर समुपदेशक