शब्द बोचतो म्हणून पुस्तक काढावे का?

प्रश्न : मुलगी दादरच्या शाळेत नववीत आहे. ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मधील वर्णद्वेषी शब्दांमुळे ती कादंबरी वाचनयादीतून काढावी, असे काही पालक म्हणतात. आपले मत?

उत्तर : तो शब्द बोचतो, ही तक्रार खोटी नाही; परंतु जातिवाचक शिव्या गाळून आपली दलित आत्मकथने वाचता येतील का? १९६६ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या हॅनोव्हर परगण्याच्या शालेय मंडळाने ही कादंबरी ‘अनैतिक’ ठरवली, तेव्हा तिच्या लेखिका हार्पर ली यांनी मंडळालाच पहिलीत घालण्यासाठी वृत्तपत्राकडे उपरोधाने देणगी पाठवली होती! कादंबरीतल्या खटल्यात निर्दोष कृष्णवर्णीयाला दोषी ठरवणारे पंच (ज्यूरी) त्या भाषेतच वाढले होते, हे शिक्षकांनी आधी समजावावे. तो शब्द वर्गात मोठ्याने वाचायला मात्र लावू नये.