वाचकांचे प्रश्न : एडिट झालं, एक्सपोर्ट अडतो

लग्नाची ४८ मिनिटांची फिल्म प्रीमियर या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट केली आहे. एक्सपोर्ट (तयार फिल्मची फाइल काढणं) दर वेळी ६३ टक्क्यांच्या आसपास एरर देऊन थांबतो. सॉफ्टवेअर दोनदा काढून पुन्हा टाकलं. लॅपटॉपला १६ जीबी रॅम आणि ४ जीबीचं ग्राफिक कार्ड आहे. नवा घ्यावा का?
— एक वाचक, सांगली

एवढ्यात खिशात हात घालू नका. एक्सपोर्ट दर वेळी एकाच जागी अडतो, ही खरं तर सोय आहे. बिघाड टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप मांडलेल्या पट्टीवर, त्याच जागी बसलेला असतो. टक्क्यांवरून जागा काढू नका, कारण दोन पासचं एन्कोडिंग (फाइल बनवताना फिल्म दोनदा तपासणारं) असेल तर ते टक्के दोन्ही फेऱ्यांचे मिळून असतात. एररच्या चौकटीत टाइमकोड, म्हणजे फिल्ममधली नेमकी वेळ, दिलेला असतो, तो लिहून घ्या. त्याच्या मागेपुढे अर्धा-अर्धा मिनिट इन-आउट (सुरुवात-शेवटाच्या खुणा) लावून तेवढाच तुकडा एक्सपोर्ट करा. तिथेही अडला की त्या तुकड्यातले इफेक्ट एकेक करून बंद करत जा. ४८ मिनिटं पुन्हा पुन्हा रेंडर करत बसण्यापेक्षा हे किती तरी लवकर होतं.

लग्नाच्या फिल्ममध्ये पहिला संशय फोटोंवर घ्यावा. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० × ४००० पिक्सेल. जेपीजी फाइल ८-१० एमबीची दिसते, पण इफेक्टसाठी ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे दर पिक्सेलला १६ बाइट घेऊन, उलगडली की तिला ३८४ एमबी लागतात. कोलाजमध्ये असे सहा फोटो एकदम आले की झाले २.३ जीबी, आणि वर ब्लर, सावली, डिझॉल्व्ह आहेतच. ४ जीबीचं कार्ड तिथे धापा टाकतं. फिल्म १०८० पिक्सेलची असेल तर फोटोची लांब बाजू ३००० पिक्सेल करून घ्या. हलका झूम केला तरी चित्र फुटत नाही आणि तोच फोटो ९६ एमबीत मावतो.

संशय खरा की खोटा, हे पाहायला प्रोजेक्ट सेटिंग्ज, जनरल, रेंडरर इथे 'सॉफ्टवेअर ओन्ली' निवडून तोच तुकडा काढा. वेळ बराच लागेल, पण तुकडा सुखरूप निघाला तर दोष ग्राफिक कार्डाच्या मेमरीचा.

आणखी एक सवय लावून घ्या : आधी प्रोरेस ४२२ या उच्च दर्जाच्या फॉरमॅटमध्ये मास्टर (मूळ प्रत) काढा आणि वाटायची, लहान आकाराची एच.२६४ ची प्रत त्या मास्टरवरून करा. १०८० पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम असतील तर प्रोरेस ४२२ सुमारे १२२ मेगाबिट प्रतिसेकंद घेतो, म्हणजे ४८ मिनिटांना ४४ जीबी. डिस्कवर तेवढी जागा आधी मोकळी करा. डिस्क भरत आली की एक्सपोर्ट अर्ध्यातच राम म्हणतो.

फोनवर ४० मिनिटांचं भाषण शूट केलं, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला. सुरुवातीला ओठ जुळतात, शेवटी आवाज सेकंदभर मागे पडतो.
— एक वाचक, नाशिक

मूळ फाइल मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. फ्रेम रेट मोड 'व्हेरिएबल' दिसला तर फोनने सेकंदाला कधी ३०, कधी २७ फ्रेम घेतल्या आहेत. हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ३० फ्रेम आणि 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून, आरएफ (दर्जाचा आकडा, लहान तितका चांगला) १६ ते १८ ठेवून फाइल नव्याने काढा. हे एडिटच्या आधीच करायचं काम. कापाकापी झाल्यावर क्लिप बदलली तर कट सरकू शकतात.

मोड 'कॉन्स्टंट' असेल तर दोन्ही यंत्रांच्या घड्याळांत फरक आहे. २४०० सेकंदांत १ सेकंद म्हणजे ०.०४ टक्के. ऑडिओ क्लिपचा स्पीड १००.०४ करा, जुळेल.

३० फ्रेमचं शूटिंग २५ च्या टाइमलाइनवर मात्र टाकू नका. दर सहा फ्रेममागे एक गळते आणि कॅमेरा फिरवलेल्या शॉटमध्ये झटके दिसतात.

टायटलमध्ये वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाते, जोडाक्षरं सुटतात.
— एक वाचक, चिपळूण

प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्स विभागात टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा. जुनं टायटल सुधारलं नाही तर नव्याने टाइप करा. फॉन्ट युनिकोडच हवा : मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रिका दुसऱ्या मशीनवर उघडली की वधूवरांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. प्रोजेक्ट बाहेर द्यायचा असेल तर टायटल पारदर्शक पीएनजी करूनच द्या.

फाइल पेन ड्राइव्हवर कॉपीच होत नाही, ड्राइव्हवर जागा तर आहे.
— एक वाचक, लातूर

ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. त्यावर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. समजा फिल्म ४८ मिनिटांची आहे, तर ती १२ मेगाबिट प्रतिसेकंद बिटरेटला ४.३ जीबी होते, १० मेगाबिटला ३.६. टीव्हीला एक्सफॅट (मोठ्या फाइली चालणारी नवी पद्धत) चालत असेल तर ड्राइव्ह तसा फॉरमॅट करा, नाहीतर बिटरेट १० ठेवा. जुन्या टीव्हीसाठी एच.२६४, ८ बिट आणि आवाज एएसी.